खांबाखालचं गवत

राख वरून थंड झाली होती, आतून नाही. सुमित्राने दाताळं ओढलं की खालचे तांबूस कण क्षणभर दिसायचे आणि हवा लागताच पांढरे पडायचे. काल दुपारपर्यंत इथे गहू उभा होता. दाणा दाताखाली टक्कन फुटत होता, हार्वेस्टरवाल्याने नंबरही दिला होता. आता बांधापासून नाल्यापर्यंत सगळं काळं, आणि नाल्यापलीकडचं जंगलही काळं. सागाचे बुंधे कमरेपर्यंत करपलेले. आत कुठेतरी एखादं खोड अजून धुमसत होतं. धूर दिसत होता, पण वास येत नव्हता. वारा रोजच्यासारखा पश्चिमेकडून होता आणि जंगल पूर्वेला.

ती काही शोधत नव्हती. घरात बसवत नव्हतं म्हणून राख ओढत होती.

पश्चिमेच्या बांधावर विजेचे दोन खांब होते आणि त्यांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर. त्याच्या वर तीन नळ्या लावलेल्या. लाइनमन त्यांना डीओ म्हणतात. नळीत फ्यूजची तार असते. भार वाढला की तार जळते आणि नळी वरून सुटून खालच्या बिजागरीवर लोंबकळते. फ्यूज गेला हे खालून बघणाऱ्यालाही कळतं. काल एक नळी लोंबकळली नाही. बिजागरीचा कान तुटला आणि नळी जळत सरळ खाली आली, खांबाखालच्या वाळक्या गवतात.

सूर्यकांतने ते मोटारीच्या खोलीच्या दारातून पाहिलं. गोणपाट ओलं करून तो धावला तोवर आग गवतातून गव्हात शिरली होती. गोणपाट पेटलं तरी त्याने ते सोडलं नाही. जन्मभर जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात लेथवर काम केलं, एक नख गेलं नव्हतं. रिटायर झाल्यावर शहरातलं गढ्याचं घर मुलाला राहायला ठेवून पनागरच्या पुढे ही जमीन घेतली. आता त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत होते. उशीवर ठेवलेले. माशी तोंडावर बसली की तो मान हलवायचा.

दाताळ्याला काहीतरी खणकलं. बाटलीच्या झाकणाएवढा धातूचा तुकडा, मधे भोक. सुमित्राने चिमूटभर राख घेतली आणि पदराच्या टोकाने तांब्या घासावा तसा तो घासला. पिवळा निघाला. एका बाजूची कड धारदार होती, बोटातून रक्त आलं. घरी येऊन तिने ती कड पायरीच्या दगडावर घासून बोथट केली, मग तुकडा नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"पितळ दिसून राहिलं."

"डीओचा कान आहे तो," सूर्यकांत म्हणाला. "ठेव नीट."

तिने तो देवळीत दिव्याशेजारी ठेवला.

*

दुपारी भय्यासाहेब आले. त्यांचं शेत शेजारचं, गावात शब्द त्यांचा. बरोबर जंगलखात्याचा गार्ड आणि मागे, डोईवरची टोपली कमरेवर घेतलेली, त्यांची सून दीपा.

"सुमित्रा दीदी, एक बात पूछें, बुरा मत मानना," भय्यासाहेब म्हणाले. "कल सबेरे महुआ के नीचे आग लगाई थी?"

"लगाई थी."

तिला वाटलं नाही की यात लपवण्यासारखं काही आहे. मोहाचं फूल पहाटे गळतं. खाली पाला असला की फुलं त्यात हरवतात, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक जण आपापल्या झाडाखाली गोल करून पाला जाळतो. हातात ओली फांदी असते. जाळ गोलाबाहेर निघाला की फांदीने झोडपायचा. सुमित्राचं मोहाचं झाड शेताच्या पार पूर्वेच्या टोकाला, नाल्याच्या काठावर होतं. तिने काल उजाडता उजाडता पाला जाळला, झोडपला आणि वर घागरी ओतल्या. दुपारी आग खांबाकडून आली तेव्हा ती त्या ओल्या राखेत बसून फुलंच वेचत होती.

हे सगळं तिने सांगितलं. गार्डने त्यातलं पहिलंच वाक्य घेतलं.

"जंगल के किनारे आग लगाना जुर्म है, पता है न?"

"सब लगाते हैं."

"कौन सब?"

सुमित्राने दीपाकडे पाहिलं. दीपाच्या टोपलीत मोहाची फुलं होती, ताजी, रसाने चिकट.

"हम तो झाड़ू लगाते हैं, दीदी," दीपा म्हणाली. मग तिचं लक्ष स्वतःच्या नखांकडे गेलं. नखांत काजळी होती. तिने बोटं टोपलीखाली घेतली.

गार्डने लिहिलं. भय्यासाहेब आत डोकावून म्हणाले, "भाईसाहब, हाथ कैसे हैं?" उत्तर येण्याच्या आत ते अंगणात पोचले होते. गावात एवढी मोहाची झाडं, एवढ्या बायका. जिने विचारल्यावर हो म्हटलं, तिचंच नाव कागदावर गेलं. जंगल जाळल्याचा गुन्हा.

*

दुसऱ्या दिवशी मुलगा, अभिराम, तिला मोटरसायकलवरून पनागरच्या वीज ऑफिसात घेऊन गेला. तिथल्या साहेबांनी पंखा स्वतःकडे वळवून घेतला.

"माताजी, डीओ हम बनाते थोड़ी हैं. हमने खरीदा, लगा दिया. टूटा क्यों, ये बनाने वाले से पूछिए. रिछाई की कंपनी है."

"नली कहाँ है? आपकी जीप उठाकर ले गई थी."

"स्टोर में होगी."

"दिखाइए."

"स्टोर वाला छुट्टी पर है."

बाहेर आल्यावर सुमित्राने विचारलं, "रिछाईची कोणती कंपनी रे? तुमच्या बाजूची का?"

अभिराम किक मारत होता. गाडी सुरू झालेली असूनही त्याने आणखी एकदा किक मारली.

"आमचीच," तो म्हणाला.

खांबावर उरलेल्या दोन नळ्यांवर नाव होतं आणि ते खालूनही वाचता येत होतं. त्याने ते आगीच्याच दिवशी वाचलं होतं. बी.एस्सी. झाल्यापासून तो रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होता, ठेक्यावर.

*

कंपनीकडून अच्युत आले. पुण्याहून बदली होऊन जबलपूरला आलेले, पांढरा शर्ट, पांढरी गाडी. अभिराम पुढच्या सीटवरून उतरला आणि त्यांच्यासाठी मागचं दार उघडलं. ते सुमित्राने पाहिलं.

ती सूर्यकांतला वरणभात भरवत होती. परका माणूस आत आलेला बघून सूर्यकांतने तोंड मिटलं. वरण हनुवटीवर ओघळलं. पुसायला हात नव्हता. सुमित्राने पदराने पुसलं आणि ताटली बाजूला ठेवली.

"काकू, मी अच्युत. अभिराम आमच्याकडेच असतो. ऐकून फार वाईट वाटलं."

"बसा."

अच्युत प्लास्टिकच्या खुर्चीत टेकून बसले. तिने चहा आणून ठेवला. बोलणं सरळ, तयार होतं. "आमचा माल तपासल्याशिवाय कारखान्याबाहेर जात नाही. पुढे तो ठेकेदाराकडे जातो, मग वीज ऑफिसकडे. खांबावर कोणी कसा बसवला, खाली गवत कोणी वाढू दिलं, ते आमच्या हातात राहत नाही."

"ऑफिसवाला म्हणते बनवणाऱ्याले विचारा. तुमी म्हणता लावणाऱ्याले विचारा."

"कायदा तसाच आहे, काकू. ज्याची चूक त्याची जबाबदारी."

"पनागरच्या मंडीत मी मटाराच्या गोणीत तळाशी सडका माल भरला, तर आडत्या कोणाच्या दारात येते?"

"ते वेगळं आहे."

"काहून वेगळं?"

अच्युत हसले. "नुकसान आमच्याच वस्तूमुळे झालं हे सिद्ध करावं लागतं. आणि तुम्ही तर मोहाखाली आग लावल्याचं स्वतःच सांगितलंय."

"सकाळी लावली, सकाळी विझवली. आग दुपारी आली, अन् खांबाकडून आली. मोह त्या टोकाले आहे. वारा इकडून तिकडे. आग काय माझ्यासाठी वाऱ्याच्या उलटी चालून आली?"

"वारा फिरतो, काकू."

"तुमी पाहिला फिरताना?"

"दाखव त्यांना तो कान," सूर्यकांत खाटेवरून म्हणाला.

सुमित्राने देवळीतला तुकडा आणून दिला. अच्युतनी तो चिमटीत धरला, उजेडाकडे फिरवला. चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला तिला दिसला.

"घासलाय का हा?"

"राख होती त्याच्यावर."

"आणि ही कड?"

"बोटाले लागली. पायरीवर घासली."

"काकू, धातू का तुटला हे तुटलेल्या कडेवरूनच कळतं. आत पोकळ होता की कोणी वाकवला, सगळं तिथेच दिसतं. तेवढंच तुम्ही नेमकं घासून टाकलंत." त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला, अगदी हळू. "आता हा नुसता पितळेचा तुकडा आहे."

अभिराम भिंतीशी उभा होता. त्याने मान वर केली नाही. सुमित्राने आपल्या बोटाकडे पाहिलं. चिरलेल्या जागी खपली धरली होती. आयुष्यभर जे भांडं हातात आलं ते तिने घासलं होतं, आणि घासताना कोणी कधी थांबवलं नव्हतं.

"आता असं करू," अच्युत पुढे सरकून बसले. "माणुसकी म्हणून काकांच्या उपचारांचं कंपनी बघेल. अभिरामला कायम करायचं माझ्या मनात आहेच. जंगलखात्याशीही कोणीतरी बोलेल, प्रकरण फार वाढणार नाही. तुम्ही फक्त एवढं म्हणायचं की मोहाची आग पूर्ण विझली होती की नाही, ते नक्की आठवत नाही. खोटं बोला असं म्हणत नाहीये मी."

"मले आठवते."

"आपली माणसं म्हणून सांगतोय, काकू. इतक्या लांब मराठी माणसानं मराठी माणसाला—"

"चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

*

गाडी गेली. अभिराम गेला नाही. उन्हं अंगणातून पायरीवर चढली होती. सूर्यकांत उठून बसला, हात पुढे धरून, ओल्या रंगाचे असावेत तसे.

"तिथं तुझं काम काय आहे रे, नेमकं?"

"तपासणी."

"म्हणजे काय करतोस? हातानं काय करतोस ते सांग."

"कान शिकंज्यात धरायचा. मशीननं ओढायचा. ठरलेल्या जोरापर्यंत टिकला की पास."

"सारे ओढता?"

"नाही. लॉटमधले थोडे काढून."

"अन् तुटला तर?"

अभिरामने अंगणाकडे पाहिलं. "थंडीत एका लॉटमधले दोन तुटले. आत बारीक बारीक भोकं होती, पावाला असतात तशी. अच्युत सरांना दाखवले."

"काय म्हणाला तो?"

"दुसरे घे म्हणाले."

"घेतलेस?"

"घेतले. ते नाही तुटले."

"मग?"

"मग लॉट पास झाला, बाबा."

"आमच्या इथं," सूर्यकांत म्हणाला, "एक पीस गेजमध्ये नाही बसला तर पूरा लॉट बाहेर. बनवणारा रडून राहिला असता तरी बाहेर. काहून, माहीत आहे? समोर आपलाच माणूस तोफेपाशी उभा असते." बोलता बोलता त्याने उजवा हात उचलला आणि मुलाच्या खांद्यावर मारला. पट्ट्यांच्या गोळ्याने आवाज झाला नाही. दुखलं त्यालाच. तो वाकडा होऊन खाटेवर कलंडला आणि दातांतून हवा ओढत राहिला.

सुमित्रा मलम आणायला उठली. मुलाच्या शेजारून जाताना पदर आवरून घेतला, कोणी परका वाटेत बसला असावा तसा.

*

गावाचा राग खांबावर नव्हता, सुमित्रावर होता. ट्रान्सफॉर्मर बंद, म्हणजे मोटारी बंद. मटार निघाल्यावर सगळ्यांनी मूग पेरला होता आणि त्याची पानं दुपारी चिमटून जायची. तिने ऑफिसात जाऊन तक्रार केली म्हणून लाइन अडली, असं भय्यासाहेब सांगत फिरत होते. हापशावर ती गेली की बायका कळशी अर्धी भरून निघून जायच्या.

शेवटी एका सकाळी लाइनमन बंटी आला. त्याच्या मागे पांढरी गाडी. नव्या नळ्या कंपनीने स्वतः आणून दिल्या होत्या आणि अच्युत स्वतः आले होते, अभिरामला घेऊन. खांबापाशी गाव जमलं. बंटीने वर चढून बिजागऱ्या बसवल्या, नळ्या खाली लोंबत्या ठेवल्या आणि उतरला. आता फोन करून मागून वीज सोडायला सांगायची आणि लांब काठीने एकेक नळी वर मारून बसवायची, एवढंच राहिलं होतं.

"बंटी भैया," सुमित्रा म्हणाली, "नाम क्या लिखा है इस पर?"

"वही है, चाची. पुराना वाला ही."

ती वळली आणि शेत ओलांडून मोहाकडे चालू लागली. परत आली तेव्हा डोक्यावर टोपला होता. त्यात आगीनंतर गळलेला मोहाचा पाला, कडक, तांबूस. खांबाखालचं गवत तर गेलंच होतं. त्या काळ्या जमिनीवर तिने पाला पसरला, हाताने सारखा केला, जेवायला पाट मांडावा तसा.

"दीदी, पगला गईं क्या?" भय्यासाहेब म्हणाले. "मूँग मर रही है सबकी."

"मना किसने किया? चढ़ाओ नली. बस, साहब यहाँ बैठेंगे." मग ती अच्युतकडे वळली. "या. बसा."

"काकू, हे काय?"

"तुमचा माल तपासल्याशिवाय बाहेर जात नाही ना? मग बसा. चहा इथंच आणून देते."

कोणीतरी हसलं. अच्युतही हसले. सुमित्रा हसली नाही, तेव्हा ते थांबले.

"चालू लाइनखाली असं कोणी बसत नसतं. सुरक्षेचा नियम आहे."

"गहू बसला होता," सुमित्रा म्हणाली. "जंगल बसलं होतं. हे घरी पडून आहेत ते इथंच उभे होते. त्यांच्यासाठी नियम कुठं होता तुमचा?"

भय्यासाहेबांनी घड्याळात पाहिलं. त्यांना न्यायाशी घेणं नव्हतं, मुगाशी होतं. "बैठ जाओ, साहब," ते म्हणाले. "दो मिनट की बात है. औरत की ज़िद है, पूरी कर दो."

"हाँ, बैठ जाओ, साहब," मागून आणखी कोणी म्हणालं. "आपकी ही तो चीज़ है."

बंटी काठी धरून उभा होता. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. नळी वर बसताना बिजागरीला झटका बसतो, ठिणगी उडते. तुटायचा तर कान तेव्हाच तुटतो. हे त्याला ठाऊक होतं, आणि अच्युत नळीकडे न बघता पाल्याकडे बघत होते, त्यावरून त्यांनाही ते ठाऊक असल्याचं कळत होतं.

"अभिराम," अच्युत म्हणाले, "तू बस. तुझ्या आईची खात्री पटेल."

सुमित्राने याचा विचार केला नव्हता. नको म्हटलं तर सगळं तिथेच संपलं असतं. अभिराम पुढे आला. त्याचा एक पाय पाल्यावर पडला, पाला चुरचुरला. त्याने वर पाहिलं. नवीन कान उन्हात चमकत होते.

तो तसाच उभा राहिला, एक पाय पाल्यावर, एक राखेत.

"सर, मी नाही बसत."

"काय?"

"मी नाही बसत, सर."

"काहे?" भय्यासाहेबांनी विचारलं. "क्या हो गया?"

अभिराम त्यांच्याकडे वळला आणि हिंदीतच बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "ये मैंने टेस्ट किया है, भैया. नंबर देखा है मैंने, ठंड वाला ही लॉट है. दो मेरे सामने टूटे थे. फिर भी पास हुआ."

बंटीने काठी खाली केली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने ती खांबाला टेकवली आणि तळहात विजारीला पुसले. "मैं नहीं चढ़ाता ये," तो म्हणाला. "ऑफिस से जो पूछना है, पूछ ले."

भय्यासाहेब अच्युतकडे असे बघत होते जसे इतके दिवस सुमित्राकडे बघत होते. त्यांचं शेतही याच खांबाला लागून होतं, आणि मूग वाळत चालला होता. दीपा घोळक्यातून पुढे आली. "बाबूजी, गार्ड को बुलवा लो," ती सासऱ्याला म्हणाली. "महुआ के नीचे तो हम भी जलाते हैं. लिखना है तो सबका लिखे." भय्यासाहेबांनी तिला दटावलं नाही.

अच्युत गाडीत बसले होते. काच खाली करून ते शांतपणे म्हणाले, "अभिराम, उद्यापासून येऊ नकोस." मग काच वर गेली आणि गाडी राखेचा लोट उडवत रस्त्याला लागली.

लोक पांगले. वीज आली नव्हती, मूग तसाच होता, आणि नवीन नळ्या कुठून येणार हे कोणाला माहीत नव्हतं. अभिराम आईजवळ आला. ती काहीतरी बोलेल, निदान खांद्याला हात लावेल, अशी वाट बघत उभा राहिला.

सुमित्राने रिकामा टोपला त्याच्या पायाशी टाकला.

"वाळला पाला खांबाखाली राहू नये," ती म्हणाली. "उचल सारा. तुझ्या बाबाले हात नाहीत आता."

तो उकिडवा बसला आणि मुठीमुठीने पाला टोपल्यात भरू लागला. सगळा भरेपर्यंत ती तिथे उभी होती.